टाकीच्या चढासाठी हब

४ ऑक्टोबर

आज आमची ही पाण्याच्या टाकीचा चढ सायकल हातात धरून, चालत चढली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आणि हे मला हिने सांगितलं नाही, बेकरीवाल्याने सांगितलं. दुकानात येऊन सरळ विचारतो, "वहिनी आज चालत आल्या, सायकल बिघडली का?" माझ्या हातची सायकल, आणि बिघडली का! हवा भरायला आलेली दोन गिऱ्हाइकं कान टवकारून ऐकत होती. चांगलाच राग आला.

म्हणून ही वही काढली. लेकीने दोन वर्षांपूर्वी दिली होती, कोरीच पडली होती. हिच्यात फक्त सायकलीचं लिहायचं. काय पाहिलं, काय बदललं, काय फरक पडला. घरचं रडगाणं नको.

तर सायकल. फ्रेम मी स्वतः जोडलेली. पुढे लोखंडी कॅरिअर, त्यावर अंड्यांचे सोळा ट्रे, म्हणजे चारशे ऐंशी अंडी. कॅरिअर धरून पस्तीस किलोच्या आसपास. गिअर नाही. मागे उलटं पायडल मारलं की लागणारा ब्रेक, पुढे रिमला रबर घासणारा साधा ब्रेक. खालच्या पोल्ट्रीतून माल उचलायचा, चढ चढायचा, वरची आठ दुकानं आणि बेकरी करायची, रिकामे ट्रे घेऊन खाली यायचं. हा हिचा धंदा, हिने एकटीने उभा केलेला. माझं दुकान बंद पडायला आलं होतं ती दोन वर्षं घर ह्याच अंड्यांवर चाललं.

संध्याकाळी विचारलं, काय झालं? म्हणाली, "जड लागली हो." बस, एवढंच.

५ ऑक्टोबर

सायकल उलटी टांगून तासभर पाहिली. मागचे छर्रे ठीक. ग्रीस ठीक. चेन जरा सुकली होती, तेल दिलं. पुढच्या चाकात कागदाएवढा आऊट निघाला, रिम तेवढी वाकडी फिरत होती, रबर एका जागी घासत होतं. सापडला चोर. आऊट काढला.

हिला बोलावून चाक फिरवून दाखवलं. "हे बघ, ह्याच्यामुळे."

"हो का?" म्हणाली. "मग बरं झालं."

९ ऑक्टोबर

पुन्हा चालत. निम्म्यावर थांबून विजेच्या खांबाला सायकल टेकवून उभी होती, असंही बेकरीवाला म्हणाला. ह्या माणसाला भट्टीपेक्षा रस्त्याकडे बघायचाच पगार असावा.

जेवताना मी गमतीने म्हटलं, "चढता येईना, चढ वाकडा!" एरवी एकाला दोन ऐकवणारी बाई, आज नुसती ताटात बघत राहिली. ट्रे मोजून थकली असेल.

१४ ऑक्टोबर

ठरलं. गिअर बसवायचा.

मागे चकत्यांची उतरंड आणि खाली लोंबणारा हात असलेला बाहेरचा गिअर माझ्याकडे दुरुस्तीला येतो तेवढा पुरे. धूळ खातो, कुठे आपटला की वाकतो, आणि पायडल फिरत असेल तरच बदलतो. हिला नऊ ठिकाणी थांबायचं असतं. त्यापेक्षा हबच्या पोटातला गिअर. सगळी दातेरी चाकं मागच्या चाकाच्या मधल्या नळकांड्यात बंद, तेलात. सायकल उभी असतानाही बदलता येतो. पावसापाण्याची फिकीर नाही. आत काही आहे हे बाहेरून बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

सुट्या भागांच्या दुकानदाराकडे गेलो. त्याला आम्ही बगळा म्हणतो, कारण तो एक पाय भिंतीला लावून उभा राहतो आणि दिवसभर गिऱ्हाइकाची वाट बघतो. त्याच्याकडे वापरलेला तीन गिअरचा हब होता, उलट पायडलच्या ब्रेकसकट, आणि एक पाचचाही होता.

"तीनचा ने," बगळा म्हणाला. "चढ आहे तो. गड नाही चढायचाय."

तीनचा आणला. हिला अजून सांगितलेलं नाही. बसवूनच दाखवीन.

२२ ऑक्टोबर

नव्या हबभोवती छत्तीस तारा विणल्या. दोन संध्याकाळी गेल्या. असल्या हबचा आस फ्रेममध्ये गरकन फिरू पाहतो, म्हणून त्याला खास दात असलेले वॉशर लागतात. ते बगळ्याकडे नव्हते, कानस घेऊन मीच केले. गिअरची वायर ताणणं हे खरं नाजूक काम. जरा सैल राहिली तर दोन गिअरच्या मध्ये एक पोकळ जागा येते, पायडल मोकळंच फिरतं आणि माणूस तोंडावर येतो. तासभर लावला, पण पोकळ जागा ठेवली नाही.

अंगणात हिने दोन फेऱ्या मारल्या. "अगंबाई, लोणी झालीय की!" म्हणाली आणि हसली. किती दिवसांनी हसली.

२३ ऑक्टोबर

चढली! न उतरता! बेकरीवाल्याला मुद्दाम जाऊन सांगून आलो.

१२ नोव्हेंबर

तीन आठवडे लिहिण्यासारखं काही नाही. सायकल उत्तम. हिने आणखी एक उशी मागितली. जुनीचा कापूस बसलाय म्हणे. आता दोन घेऊन झोपते, महाराणीसारखी. घरचं लिहायचं नाही असं ठरलं होतं, पण सायकलीचं काही नव्हतं म्हणून लिहिलं.

१९ नोव्हेंबर

पहिल्या गिअरमध्येसुद्धा जड लागते म्हणाली. मी म्हटलं, शक्य नाही. ती म्हणाली, "बरं, नसेल."

विचार केला. हबमध्ये दोष नाही, हब खोटं बोलत नाही. मग पुढचं चेनव्हील, पायडलजवळचं दातेरी चक्र, मोठं असणार. अडतीस दातांचं आहे. बत्तीसचं लावलं तर पाय जास्त फिरतील पण जोर कमी लागेल. कंपनीचं म्हणणं, मागच्या चक्राच्या दुपटीपेक्षा पुढचं लहान नको, नाहीतर हबच्या आतल्या दातांवर भलताच ताण येतो. माझ्याकडे मागे अठरा. म्हणजे बत्तीस नियमात बसत नाही. पण ही काही पैलवान नाही. लावलं.

हब तुटेल की काय ही धाकधूक मात्र राहील.

२१ नोव्हेंबर

चढली. मात्र वर पोचल्यावर बेकरीत पाणी मागितलं आणि पाव तास बसली. बेकरीवाल्याचा हिशोब.

६ डिसेंबर



ही उतारावरून खाली येत होती. चेन उतरली. चेन उतरली की उलट पायडलचा ब्रेक संपला, कारण तो सगळा चेनवर चालतो. हे शेंबड्या पोराला कळतं. पुढचं चेनव्हील लहान केलं तेव्हा चेनची एक कडी काढायला हवी होती. मी चाक मागे ओढून भागवलं होतं. नट थोडा सरकला, चेन ढिली झाली, उतरली. पुढच्या एका रबरी ब्रेकवर हिने कशीबशी सायकल कुंपणाच्या झुडपात घातली. ट्रे रिकामे होते. हाताला खरचटलं आहे, बाकी काही नाही.

मी धावत गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेला बसली होती, एक हात छातीवर, तोंडाने श्वास घेत. मी खाली बसून तिचा हात पाहिला. तीच म्हणाली, "घाबरले हो नुसती. होईल बरं."

माझ्या हातून हे व्हावं. तीस वर्षं हे काम करतोय.

७ डिसेंबर

ब्रेकचा निकाल आजच लावतो. चेनवर अवलंबून असलेला ब्रेक हिच्या सायकलला पुन्हा नाही. दोन ब्रेक, दोन्ही हाताचे, एक गेला तरी दुसरा जागेवर.

रिमचे रबर ओल्यात घसरतात आणि रिम खातात. डिस्क जोरकस खरी, पण ती पत्र्याची चकती बाहेर उघडी. दुकानदार सायकली एकमेकींवर रेलून ठेवतात, चकती वाकली की घासायला लागली. शिवाय ती पकडते कशी, तर खाटकन. चारशे ऐंशी अंड्यांना खाटकन चालत नाही. राहिला ड्रम ब्रेक. हबच्या आतच पट्टे, आतून फाकतात आणि हळूहळू आवळतात. ऊन-पाणी लागत नाही. लांबच्या घाटात तापून मऊ पडतो म्हणतात, पण आपला उतार अर्ध्या किलोमीटरचा. बगळ्याकडचा तो पाच गिअरचा हब ड्रमचाच आहे. म्हणजे गिअरही दोन वाढतील. पुढच्या चाकालाही ड्रम.

बगळा म्हणाला, "एवढ्यात दुसरा हब? आता लग्नाचा वाढदिवस आहे का काय?"

१८ डिसेंबर

दोन्ही चाकं झाली. ब्रेकचा जो हात हबमधून निघतो तो फ्रेमला पट्टीने आवळावा लागतो, नाहीतर ब्रेक लावताच आसच फिरेल आणि वायर तोडेल. पट्टी दोनदा आवळली. मग पुन्हा उठून एकदा पाहिली.

लेकीचा फोन आला. परगावी नोकरीला आहे, रविवारी करते, आज मध्येच केला. "बाबा, आईचा आवाज असा का येतोय? धापा टाकल्यासारखा? तिला डॉक्टरकडे ने ना."

"जिना चढून आली असेल," मी म्हटलं. "आणि डॉक्टर काय, चेनला तेल घालणार?"

हिने फोन हिसकावून घेतला. "काही नाही गं बाई. तुझ्या बाबांनी नवीन गिअर बसवलाय, पाच आहेत, मी राजकन्या झालेय!" दोघी हसल्या. मग मीही विषय सोडला.

२४ डिसेंबर

संध्याकाळी हिचे बूट निघेनात. घट्ट झालेत म्हणते. पायाला बुटाच्या कडेचा वळ उमटला होता. पाऊल पायडलवर चुकीचं पडत असणार, टाचेवर जोर येत असणार. सीट एक बोट वर केली.

उशा तीन झाल्या.

२९ डिसेंबर

"मी दहाच ट्रे नेते आता," म्हणाली.

"का?"

"दोन खेपा करीन."

म्हणजे चढ दोनदा. हा कुठला हिशोब? पाच गिअर, ड्रम ब्रेक, नवे टायर, आणि माल कमी? खरं सांगतो, वाईट वाटलं. 

७ जानेवारी

आज मी स्वतः परीक्षा घेतली. सोळाच्या सोळा ट्रे लादले, पहिला गिअर टाकला आणि टाकीचा चढ चढलो. माझं वय चोपन्न, गुडघा एक कामातून गेलेला. तरी गाणं म्हणत चढता येईल इतकी हलकी. सायकलीत आता काहीही खोट नाही. लहान पोर चढवेल.

वर पोचलो तेव्हा खूश व्हायला हवं होतं. उलट डोकं तापलं. सायकल हलकी आहे तर हिला जड कशी लागते? एकच उत्तर. हिला आता करायचंच नाहीये. मन उडालंय. स्पष्ट सांगायचं नाही म्हणून सायकलीच्या नावाने खडे फोडतेय, आणि मी मूर्ख तीन महिने तारा विणतोय.

घरी येऊन तसंच बोललो. नको ते बोललो. म्हटलं, "करायचं नसेल तर सरळ सांग. माझ्या कामाला नावं ठेवू नकोस."

ही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कठडा धरून उभी होती.  म्हणाली, "मी तुमच्या कामाला कधी नाव ठेवलं?"

खरं आहे, कधीच नाही. पण तेव्हा मला थांबता आलं नाही. म्हटलं, "मग चढून दाखव."

८ जानेवारी

सोळा ट्रे घेऊन गेली. अकराला येते, आज एकला आली. "चढले," म्हणाली. जेवली नाही, जाऊन पडली. तोंड पांढरं पडलं होतं.

रुसलीय. रुसू दे. मीही आज बोलणार नाही.

१० जानेवारी

अबोला मलाच झेपला नाही. माफी मागितली. "जाऊ द्या हो," म्हणाली. दहा ट्रे तर दहा ट्रे, असं ठरलं. मला वाटलं विषय मिटला.

१९ जानेवारी

दवाखान्याच्या बाकावर लिहितोय. वही दुकानाच्या पिशवीत होती.

सकाळी साडेनऊला बेकरीवाला धावत आला, अंगाला पीठ तसंच. "वहिनी चढावर... चला." मी पाना हातात घेऊनच निघालो.

विजेच्या खांबाशी होती. रस्त्यावर बसलेली, मान खांबाला टेकलेली, डोळे अर्धे मिटलेले. सायकल शेजारी, खांबाच्या दुसऱ्या बाजूला टेकून उभी. उतारावर घसरली कशी नाही, तर हिचा डावा हात वर, ब्रेकच्या मुठीवर, घट्ट आवळलेला. ड्रमने पकडून ठेवली होती. बेकरीवाल्याला ती बोटं एक एक करून सोडवावी लागली. एक अंडं फुटलं नव्हतं.

आणि मी काय केलं ते लिहिलंच पाहिजे. इतर कुणाला सांगता येणार नाही. मी आधी सायकलीकडे गेलो. मागचं चाक उचलून फिरवून पाहिलं, हब अडकला की काय म्हणून. चाक छान फिरत होतं. बेकरीवाला माझ्यावर ओरडला, "अहो, त्यांच्याकडे बघा!"

तेव्हा बघितलं. ओठ निळसर. पावलं सुजून बुटांच्या कडेवरून फुगून आलेली. गळ्यापाशी एक शीर धडधडत होती. हे आज झालेलं नव्हतं. हे सगळं रोज माझ्यासमोर जेवायला बसत होतं.

२० जानेवारी

मोठ्या रुग्णालयात हलवलं. आता शुद्धीवर आहे, नाकात नळी आहे. लेक रात्रभराचा प्रवास करून पोचली. माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. तिचं बरोबर आहे.

हृदयाच्या डॉक्टरबाई आल्या. तरुण आहेत, सावकाश बोलतात. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या दारावरची झडप अरुंद झालीय, जवळजवळ मिटत आलीय. हृदय आतून जोर लावतंय आणि रक्त बाहेर पडत नाहीये. "त्रास कधीपासून?" त्यांनी विचारलं.

ही म्हणाली, "अलीकडेच. आठ-दहा दिवस."

मी वही काढली. मला राहवलं नाही. चार ऑक्टोबर, पस्तीस किलो घेऊन चढ चालत चढली. नऊ ऑक्टोबर, निम्म्यावर थांबली. बारा नोव्हेंबर, दुसरी उशी. एकोणीस नोव्हेंबर, पहिल्या गिअरलाही जड. चोवीस डिसेंबर, बूट निघेनात, तिसरी उशी. मी वाचत होतो आणि बाई लिहून घेत होत्या. लेक खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"म्हणजे साडेतीन महिने," बाई म्हणाल्या. "आणि ह्या अवस्थेत पस्तीस किलो घेऊन चढ? हे जमलं कसं?"

"मी गिअर हलका करत गेलो," मी म्हटलं.

बाईंनी लिहिणं थांबवलं. तेव्हा मला समजलं. पहिल्याच दिवशी चढ जमला नसता तर ही ऑक्टोबरातच इथे आली असती. दर वेळी ही थांबायला लागली की मी एक गिअर खाली देत गेलो. माझं काम इतकं चांगलं होतं की आजार लपून राहिला.

२३ जानेवारी

आज बरीच तरतरीत आहे. लेक चहा आणायला गेली तेव्हा मी विचारलं, "तुला कळत होतं?"

"काय?"

"सायकलीमुळे नाही ते."

 "पहिला हब बसवलात तेव्हाच. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेने करत होतात. रोज रात्री त्या तारा घेऊन बसायचात. मला वाटायचं, पुढच्या हबने होईलही बरं." मग म्हणाली, "आणि विचारलंत कुठे मला? दर वेळी सायकललाच विचारत होतात."

 रडू आलं, ते लपवलंही नाही. तर तीच हसायला लागली. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आणि रेडा कोण, तर मी!" हसता हसता धाप लागली, नर्स आत आली आणि मला बाहेर घालवलं.

२७ जानेवारी

झडप बदलावी लागणार. दोन तारखेला सकाळी. डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना बसवून समजावलं. दोन प्रकार आहेत. एक धातूची. जन्मभर टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, कायमची, दर महिन्याला तपासणी, आणि पडायचं-आपटायचं नाही, कारण रक्त थांबत नाही. दुसरी जनावराच्या ऊतीची. तशी गोळी जन्मभर नाही, पण बारा-पंधरा वर्षांत झिजते आणि मग पुन्हा सगळं. हिचं वय एक्कावन्न, अगदी मधलं, दोन्ही चालतील. तुम्ही ठरवा, म्हणाल्या. आणि माझ्याकडे बघितलं.

मी तोंड उघडलंसुद्धा. हे तर माझंच क्षेत्र. बंदिस्त की उघडं, टिकाऊ की मऊ, देखभाल किती, झीज किती. झिजणार हे आधीच माहीत आहे असा भाग मी आजवर कुठल्या गिऱ्हाइकाला बसवला नाही. धातूची, अर्थातच. शब्द जिभेवर आला होता.

लेक माझ्याकडे बघत होती. एकदम हब आठवला, पिशवीत घालून गुपचूप घरी आणलेला. तो बसवण्याआधी मी हिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. दुसरा आणला तेव्हाही नाही.

मी हिच्याकडे वळलो. "तुला कुठली हवी?"

"मला विचारताय?" खरंच चकित झाली.

"तुलाच."

उद्या सांगते, म्हणाली.

२८ जानेवारी

तिने झिजणारी निवडली.

"पडायचं नाही, खरचटायचं नाही, असं जपून जपून मला नाही जगता येणार. मला चढ चढायचाय, पडले तर उठायचंय. बारा वर्षांनी मी त्रेसष्टची. तेव्हाचं तेव्हा बघू."

आणि पुन्हा कापायचं? पुन्हा हा बाक, ही भीती? पन्नास गोष्टी मनात आल्या. तीनदा जीभ चावली. लेक म्हणाली, "आई, नक्की ना?" ती म्हणाली, नक्की. कागदावर सही तिची तिने केली.

२ फेब्रुवारी

साडेसातला आत नेलं. चार-पाच तास लागतील म्हणाले.

ढकलगाडीबरोबर दारापर्यंत जाऊ दिलं. तिथे हिने माझा हात धरला. "खरं सांगा. तुम्ही असतात तर कुठली घेतली असती?"

खोटं बोलणार होतो. नाही बोललो. "धातूची."

"वाटलंच मला," म्हणाली, आणि हसली. मग दार लागलं.

लेक शेजारी बसलीय. मघाशी तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. आत कुणीतरी आपल्या कामात वाकबगार माणूस काहीतरी उघडून बसलाय, आणि मला त्यातलं काही करता येत नाही, हात लावता येत नाही, पानासुद्धा पुढे करता येत नाही. फार भीती वाटतेय.

साडेअकरा झाले. अजून कुणी बाहेर आलेलं नाही.